अर्जुनसाल : कच्चा अर्क दाहरोधक, शुद्ध संयुग मात्र ढिम्म. टॅनिनचा घोळ आहे का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी अर्जुनाच्या सालीतली दाहरोधक संयुगं वेगळी करतेय. ७०% मेथॅनॉलमधला अर्क अंड्याच्या अल्ब्युमिनच्या चाचणीत (प्रथिन तापवल्यावर किती गढूळतं ते मोजायचं; कमी गढूळ म्हणजे जास्त दाहरोध) डायक्लोफिनॅक या दाहशामक औषधाच्या तोडीस तोड निघाला. इथिल अ‍ॅसिटेट आणि ब्युटॅनॉल या द्रावकांनी अर्काचे भाग वेगळे केले, तर जोर ओसरला. पुढे सिलिका कॉलममधून पांढरी पावडर मिळाली. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) अ‍ॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक फवारून तापवलं की जांभळा ठिपका उठतो, म्हणजे ट्रायटर्पीन असावं. अर्जुनोलिक आम्लाचा अंदाज आहे, रचना पक्की करणारा एनएमआर अजून यायचाय. पण अल्ब्युमिन चाचणीत या पावडरीचा परिणाम जवळजवळ शून्य!

सर म्हणतात, "सिनर्जी आहे, तसंच लिहून टाक." मला पटत नाही. सिनर्जी, म्हणजे घटकांचा एकत्र मिळून वाढलेला परिणाम, असेल तर सगळे भाग मूळ प्रमाणात परत मिसळल्यावर परिणाम परतायला हवा, ते आधी बघायला नको का?

माझा संशय वेगळा आहे. अर्क घातलेली नळी तापवण्याआधीच गढूळ होते. ७० अंशांवर ठेवून थंड होईपर्यंत साका तळाशी बसतो, वरचं द्रावण नितळ दिसतं आणि ६६० नॅनोमीटरला रीडिंग कमी येतं. आकडेमोडीत तोच 'प्रतिबंध' ठरतो! फेरिक क्लोराइडने अर्क निळाकाळा पडतो, जिलेटिन घातलं की लगेच साका. म्हणजे अर्कात टॅनिन (तुरट पॉलिफेनॉल) आहे; ते प्रथिनांना धरून बसतं, त्यात दाह कमी होण्याचा काय संबंध?

दुसरी बाजू अशी, की पावडर डीएमएसओ या द्रावकात विरघळते पण चाचणीच्या पाणीदार बफरमध्ये टाकताच पांढरा साका धरते. म्हणजे तिला संधीच मिळाली नसेल. शिवाय विलोच्या सालीतलं सॅलिसिन (बुखनर, १८२८) शरीरात गेल्यावर सॅलिसिलिक आम्ल बनतं, तेव्हा नळीत गप्प म्हणजे निकामी असंही नाही.

तर, टॅनिन काढायला पॉलिअमाइड कॉलम बरा की पीव्हीपीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारी, न विरघळणारी पावडर)? त्यात फ्लॅव्होनॉइडही अडकून जातात का? रॉ २६४.७ पेशींवर (उंदराच्या मॅक्रोफेज) एलपीएस (दाह पेटवणारं जिवाणूंमधलं द्रव्य) देऊन ग्रीस अभिकर्मकाने नायट्राइट (पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) मोजायचा विचार आहे, सोबत पेशी जिवंत आहेत का ते बघायला एमटीटी. पण पॉलिफेनॉल नायट्रिक ऑक्साइड परस्पर टिपत असतील तर तिथेही फसगत होईल. थेट टीएनएफ-अल्फा या दाहकारक प्रथिनाची एलायझा (प्रतिपिंडांनी मोजणी) करावी का? किट महाग, एकदाच मिळेल.

सालीवर काम केलेल्यांनी कृपया सांगा. अल्ब्युमिन चाचणीचे आकडे प्रबंधात ठेवू की काढून टाकू?