आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाहीत

वडगावकर: वडिलांनी बेळगावच्या वडगाव भागात यंत्रमागावर तीस वर्षे काढली. हल्ली त्यांना हाक ऐकू येते, परंतु ‘सात’ म्हटले की ते ‘हात’ ऐकतात आणि रात्री कानात शिट्टी वाजते म्हणतात. मोठ्याने बोलले तर चिडतात. कानात मळ साचला असेल काय?

खानापूरकर: मळ असल्यास डॉक्टरांकडून काढून घ्यावा; घरी काडी मुळीच घालू नये. मात्र आपले वर्णन आतल्या कानाकडे बोट दाखवते. तिथल्या शंखाकृती कोक्लियात सुमारे १५,००० केसपेशी असतात, ज्या कंपनांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करतात. ८५ डेसिबलपेक्षा मोठ्या गोंगाटात रोज आठ तास वर्षानुवर्षे काढल्यास त्या हळूहळू मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. नुकसान प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत दिसते. ‘स’, ‘श’ उंच पट्टीतले असल्याने तेच हरवतात, स्वर मात्र शाबूत राहतात. ओरडल्याने स्वरच वाढतात, म्हणून ते चिडतात.

निपाणीकर: सहमत. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी, श्रवणयंत्र त्यानुसारच बसवावे. आमच्या आईने शेजाऱ्याचे जुने यंत्र लावून पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी डब्यात टाकले. शिवाय, सीमाभागातल्या घरांत वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडात संपते. अशा वेळी अंदाज बांधणे त्यांना आणखी कठीण जात असावे.

वडगावकर: आभारी आहे. काल दूरदर्शन संच बंद करून, समोर बसून सावकाश ‘सात’ म्हटले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले आणि घड्याळाकडे बोट केले.