मामंजींचं हार्ट फेल्युअर आणि शेंगाचटणी

जुळे सोलापूरची सून:
मामंजींना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी झालीय. डॉक्टरांनी मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आणि पाणी दीड लिटर सांगितलंय. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, याशिवाय त्यांचं जेवण होत नाही. चटणी बंदच करू का? लो सोडियम मीठ चालेल? या उन्हाळ्यात त्यांना पाणी नाही म्हणताना जीव तुटतो माझा.

बाळीवेस:
बंद नका करू हो. घरीच कुटा, मीठ नावाला. लसूण आणि जिरं वाढवलं की चव येते. विकतची मात्र नको. पापड, लोणचं, फरसाण घरातच आणू नका.

निवृत्त सिस्टर:
लो सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोनसारखी, पोटॅशियम अंगात रोखून धरणारी लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. नारळपाण्याचंही विचारूनच.
रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा, कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत 2 किलो वाढलं किंवा पाय सुजले तर लगेच फोन करा. वाट बघू नका, बाई.
पाण्याची दीड लिटरची बाटली सकाळीच भरा. चहा, ताक, आमटी प्यायले की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. घसा कोरडा पडला तर बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, तोही मोजून. उन्हात वजन घटलं, चक्कर आली तर तेही कळवा. लघवीच्या गोळीचा डोस डॉक्टर बदलतात.

जुळे सोलापूरची सून:
सिस्टर, स्पायरोनोलॅक्टोन चालूच आहे त्यांना. लो सोडियम मीठ आणत नाही. वजनकाटा आजच घेते.