एचएफचे (जहाजांशी बोलायच्या शॉर्टवेव्ह रेडिओचे) जुने ट्रान्समीटर बदलायचे की सगळं सॅटेलाइटवर न्यायचं?

खारावारा: आमच्या किनारी स्टेशनवर एचएफचे ट्रान्समीटर अजून व्हॉल्व्हवाले आहेत, शेवटच्या टप्प्यातली पॉवरची ट्यूब (व्हॉल्व्ह) गेली की स्टेशनच बंद आणि नवी ट्यूब मिळता मिळत नाही. वरून विचारतात की आता सगळ्या जहाजांवर सॅटेलाइट आहे मग एचएफ कशाला हवंय. काय उत्तर देऊ?

जुनाआरओ: त्यांना ए४ दाखवा, म्हणजे ध्रुवांकडचा समुद्र. जहाजांच्या इनमारसॅट सेवेचे उपग्रह विषुववृत्तावर, साधारण ७६ अक्षांशांच्या पुढे दिसत नाहीत. आता इरिडियम ही दुसरी उपग्रह सेवा ध्रुवापर्यंत चालतं, २०२० पासून जीएमडीएसएसमध्येही (समुद्रावरच्या संकट-संदेशांची जागतिक व्यवस्था) आहे, पण म्हणून सगळ्यांनी ते बसवलंय असं नाही, आणि खोल समुद्रात एचएफवर भागवणारी जहाजं आहेतच. त्यांचा डीएससी (रेडिओवरून जाणारी डिजिटल हाक) ऐकायला किनाऱ्यावर कोणीतरी हवं ना!

डेकवरून: खरं सांगू का, आम्ही रोजच्या कामाला एचएफ लावतच नाही. टेस्ट कॉल करतो तेवढाच, आणि त्याचंही उत्तर आलं तर आलं 😅

जुनाआरओ: @डेकवरून तेच तर, ऐकणारी स्टेशनं कमी झाली म्हणून कोणी लावत नाही आणि कोणी लावत नाही म्हणून आणखी बंद होतात.

तांब्याचीतार: ट्रान्समीटर सॉलिड स्टेटच (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवाला) घ्या, एखादं मॉड्यूल गेलं तर पॉवर कमी होते पण स्टेशन चालू राहतं. पण आमचा अनुभव सांगतो, नवाकोरा ट्रान्समीटर आणला आणि जहाजं म्हणायची तुमचा आवाज येतो पण तुम्हीच आमचं ऐकत नाही. रिसीव्हर जुन्याच जागी होता, आजूबाजूला वस्ती वाढलेली, एलईडी दिवे नि सोलर इन्व्हर्टरचा एवढा नॉइज की कमजोर सिग्नल त्यात बुडून जायचा. शेवटी रिसीव्हर लांब शांत जागी नेला आणि लिंकने जोडला तेव्हा कुठे ८४१४.५ किलोहर्ट्झवर डीएससी नीट दिसायला लागलं. म्हणून आधी नॉइज मोजा, मग अँटेनाच्या केबल आणि अर्थिंग बघा, खाऱ्या हवेत तांबं कसं सडतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

खारावारा: नॉइज कधी मोजलाच नाही हो 🙈 आणि टेलेक्सचं (रेडिओवरून टाइप केलेला मजकूर) काय, नव्यात घ्यायचा का?

तांब्याचीतार: १ जानेवारी २०२४ पासून डिस्ट्रेसच्या (संकटाच्या हाकेच्या) पुढच्या संभाषणातून टेलेक्स काढलाय, डीएससी आणि व्हॉइस राहिलंय. एचएफवर हवामान-इशारे टेलेक्सने पाठवत असाल तर मात्र लागेल. आणि नॉइज दिवसा एकदा, रात्री एकदा मोजा, रात्री खालचे बँड लांबवर चालतात तेव्हाच खरा त्रास कळतो.