नाल्याकाठच्या बेडकांची मोजणी: दिसलेले आणि ऐकू आलेले एकत्र धरावेत का?

मेळघाटात सिपना नदीला मिळणाऱ्या एका नाल्याकाठी आम्ही पावसाळ्यातील बेडकांच्या विविधतेची नोंद करीत आहोत. परवानगी केवळ निरीक्षणाची आणि ध्वनिमुद्रणाची असल्यामुळे बेडूक पकडता येत नाहीत, आणि अस्वलांचा वावर असल्याने रात्री उशिरापर्यंत थांबणेही शक्य नाही.

काठाला समांतर 100 मीटरच्या पट्ट्या आखून, टॉर्चच्या उजेडात सावकाश चालत दिसेल तो बेडूक आम्ही नोंदवतो आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावर 10 मिनिटे आवाज टिपतो. तापमान, आर्द्रता व पाऊस यांची नोंद होते. बेडकांना घातक रोग जडवणारी कायट्रिड बुरशी एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून बूट दर वेळी निर्जंतुक करतो, आणि ही काळजी प्रत्येकाने घ्यावी असे मनापासून वाटते.

अडचण अशी की नाला भरून वाहू लागला की खालच्या स्वरातले (कमी कंप्रतेचे) आवाज खळखळाटात बुडतात, मायक्रोहायला या बेडकाची करकर मात्र स्पष्ट ऐकू येते. उलट पालापाचोळ्यात दडलेला हाच इवलासा बेडूक डोळ्यांना क्वचितच सापडतो. त्यामुळे दोन्ही याद्या जुळत नाहीत.

अशा स्थितीत शॅनन निर्देशांक (जातींची संख्या व त्यांचे प्रमाण यांवरून विविधता मोजणारा आकडा) काढताना फक्त दिसलेले बेडूक धरावेत की ओरडणाऱ्या नरांची संख्याही त्यात मिळवावी, आणि दुबार मोजणी टाळण्यासाठी दोन पट्ट्यांमध्ये किमान किती अंतर ठेवावे?