अन्यायाविरुद्ध कायदा मोडणे कुठवर योग्य?

प्रश्न: कायदाच अन्यायाच्या बाजूने उभा असेल, तर तो मोडण्याचा अधिकार हिंसेपर्यंत पोहोचतो का? दाद मागण्याचे सारे मार्ग खुंटलेल्या माणसाला ‘धीर धरा’ असे सांगताना माझी जीभ अडखळते.

प्रतिसाद १: कायदा मोडणे आणि शिक्षा चुकवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १९२२ च्या खटल्यात गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप मान्य केला, कठोरातील कठोर शिक्षा मागितली आणि सहा वर्षांची कैद पत्करली. त्याच वर्षी चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि आतले शिपाई मारले गेले. ज्या कायद्याविरुद्ध तो संताप होता, तो त्या शिपायांनी केलेला नव्हता, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

प्रतिसाद २: आपले म्हणणे पटते, परंतु आरोपीचे ऐकून घेणारे कोणी असेल तेथेच. दक्षिण आफ्रिकेत १९६० साली शार्पव्हिल येथे निदर्शकांवर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली आणि पुढे वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या, मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या संघटनेवरच बंदी आली. त्यानंतर १९६१ मध्ये मंडेला व सहकाऱ्यांनी सशस्त्र मार्ग धरला, तोही आधी मालमत्तेची नासधूस करणाऱ्या घातपातापुरता, कारण त्यात जीवितहानी टाळता येईल असा त्यांचा विचार होता. या संयमामुळेच मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. तरीही घातपातात एखादा पहारेकरी दगावलाच, तर त्याच्या घरच्यांना कोणी आणि काय उत्तर द्यायचे, हे मला अजून सुचत नाही.