मदत हवी आहे: दालीचं 'डॉन किहोते' लिथोग्राफ, शिळेवरचं की ऑफसेट?

नमस्कार मंडळी. पॅरिसला राहणाऱ्या माझ्या आत्याने जपलेलं, स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं एक लिथोग्राफ (शिळेवर चित्र काढून त्यावरून कागदावर घेतलेला छाप) आता माझ्याकडे आलं आहे. चित्र डॉन किहोतेचं, म्हणजे सर्व्हान्तेसच्या कादंबरीतल्या घोडेस्वाराचं. शाईचा मोठा फुटलेला डाग, चहूकडे शिंतोडे, आणि त्या डागालाच चार बारीक रेघांनी घोडा नि भाला जोडलेला. चेहरा जवळपास नाहीच, तरी नजर हटत नाही. स्वार पुढे येतोय की विरून चाललाय, तेच ठरत नाही.

वाचलं ते असं: दालीला आधी हे माध्यमच पसंत नव्हतं. प्रकाशक जोसेफ फोरे यांनी त्याला राजी केलं. मग १९५६ मध्ये त्याने जुन्या बनावटीच्या बंदुकीतून शाईच्या गोळ्या थेट चुनखडीच्या शिळेवर झाडल्या, गेंड्याची शिंगंही वापरली. १२ चित्रांचा संच १९५७ मध्ये निघाला.

माझं चित्र शिळेवरून छापलेलं आहे की नंतरची ऑफसेट (फोटोवरून यंत्राने छापलेली) प्रत, हे घरी कसं ओळखायचं? खाली पेन्सिलीने सही आहे. आणि मला जास्त छळणारा प्रश्न: डाग गोळीने, म्हणजे योगायोगाने पडला असेल, तर त्यातलं गूढ दालीचं कसं? विकायचं अजिबात नाही, समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

सहीवर विसंबू नका. दाली कोऱ्या कागदांवरही सह्या करून द्यायचा. १९७४ मध्ये अँडोराकडे निघालेल्या एका ट्रकमध्ये फ्रेंच कस्टम्सला असे ४०,००० कागद सापडले होते. चांगल्या भिंगातून रंग बघा. ठिपके शिस्तीत, ठरावीक अंतरावर दिसले तर ऑफसेट. शिळेचा दाणा रव्यासारखा, अनियमित असतो. फ्रेम एखाद्या जाणत्या माणसाकडून उघडून घ्या आणि कागद उजेडासमोर धरा. आर्श किंवा रीव्ह या फ्रेंच चित्रकागदांच्या जलचिन्हात (कागदातच उमटवलेल्या, उजेडात दिसणाऱ्या खुणेत) अनंताची खूण, म्हणजे आडवा आठ, असेल तर तो कागद १९८० पासूनचा; १९५७ चा असूच शकत नाही. मापं अल्बर्ट फील्ड यांनी केलेल्या दालीच्या छापचित्रांच्या सूचीशी ताडून पाहा.

गूढाबद्दल माझं मत: गोळीने फक्त डाग दिला, त्यात स्वार पाहिला तो दालीने. एकाच आकारात दोन गोष्टी दिसाव्यात, हा त्याचा १९३० च्या दशकापासूनचा ध्यास. म्हणून तो रेघा मोजक्याच देतो आणि डाग पुरता झाकत नाही. तुमचं ते 'ठरत नाही' त्यानेच मुद्दाम ठेवलेलं आहे. भिंगातून पाहताना डाग कुठे संपतो आणि हाताची रेघ कुठे सुरू होते तेही शोधा, आणि जमलं तर तेवढ्या भागाचा फोटो इथे टाका.