जुने हिशेब नव्या संगणकावर नेताना आलेले अनुभव

जुनीवही
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली आणि घरातला जुना संगणक बदलायचे ठरले. फोटो आणि पत्रे सहज हलली, पण मायक्रोसॉफ्ट मनी या घरगुती हिशेबाच्या प्रोग्रॅमची एक फाइल मात्र अडून बसली आहे. १९९१ मध्ये आलेल्या या प्रोग्रॅमची विक्री २००९ च्या जूनअखेरीस बंद झाली. पुढच्या वर्षी त्याची ‘सनसेट’ आवृत्ती फुकट देण्यात आली आणि तिला ऑनलाइन नोंदणी लागत नाही, एवढे मला ठाऊक आहे. फाइलीतल्या नोंदी बाबांच्या आहेत. शेऱ्याच्या रकान्यात ते आपले मतही लिहून ठेवत. एका ठिकाणी ‘पंखा दुरुस्ती, हा टिकणार नाही’ असे आहे आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा ‘पंखा दुरुस्ती, म्हटले होते’ असे आहे. आकड्यांबरोबर हे शेरेही यावेत अशी इच्छा आहे. ज्यांनी असे स्थलांतर केले आहे त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

तेरीजपत्रक
सर्वप्रथम फाइलीच्या नावाचा शेवट पाहा. ‘एमएनवाय’ असेल तर ती मूळ फाइल आहे. ‘एमबीएफ’ असेल तर तो बॅकअप आहे आणि तो प्रोग्रॅममधूनच पूर्ववत करावा लागतो. सीडीवरून उतरवलेल्या फाइलीवर ‘फक्त वाचण्यासाठी’ ही खूण तशीच राहते, त्यामुळे प्रोग्रॅम ती उघडायला कुरकुर करतो. गुणधर्मांत जाऊन ती खूण काढली की बहुधा काम होते. नवी आवृत्ती जुन्या फाइलीचे रूपांतर करते आणि रूपांतर झालेली फाइल जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून पहिल्यांदा उघडण्याआधीच एक प्रत बाजूला काढून ठेवावी.

रात्रपाळी
प्रत काढण्याआधी फाइल खरी कोणती हे तपासा. थोरल्या भावाच्या संगणकावर फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये दिसत होती, ती उचलून नेली, तर त्यात शेवटची कित्येक वर्षेच नव्हती. सगळ्यांनी हाय खाल्ली. कारण असे, की २००७ साली सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज जुन्या प्रोग्रॅमना त्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही. प्रोग्रॅमला लिहिल्याचा भास होतो, पण नोंदी गुपचूप वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’खालच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या लपलेल्या फोल्डरमध्ये जातात. भावाची सगळी वर्षे तिथे सुखरूप होती. संपूर्ण डिस्कवर शोध घ्या आणि बदलाची तारीख सर्वांत अलीकडची असेल तीच फाइल धरा.

फोडणी_नंतर
घाईत लिहीत आहे, क्षमस्व. पंखा शेवटी बदलला का?

जुनीवही
बदलला. त्या नोंदीला शेरा नाही, फक्त रक्कम आहे.

कोरापाना
माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते काहींना रुचणार नाही. इतक्या जुन्या नोंदी हलवण्याचा खटाटोप कशासाठी करायचा? सगळ्या खात्यांचे अहवाल पीडीएफमध्ये छापून ठेवावेत, शेरेही त्यात येतील, आणि नव्या प्रोग्रॅममध्ये आरंभीची शिल्लक टाकून कोऱ्या पानावर सुरुवात करावी. मी तसेच केले आणि अद्याप एकदाही मागे वळून पाहावे लागलेले नाही.

तेरीजपत्रक
बचत खात्यापुरते हे मान्य आहे. परंतु ज्या फाइलीत शेअर किंवा म्युच्युअल फंड आहेत, तिथे केवळ शिल्लक नेऊन भागत नाही. विक्रीवरचा नफा काढताना प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव लागतो, मधल्या बोनसचा आणि विभाजनाचा हिशेब लागतो. तो पीडीएफमधून हाताने उतरवत बसणे ही निव्वळ शिक्षा आहे.

खतावणी
क्यूआयएफ, म्हणजे एका हिशेबाच्या प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नोंदी नेण्याची फाइल, या मार्गाने जाणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो. ही साधी मजकुराची फाइल असते आणि ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. ‘डी’ने सुरू होणाऱ्या ओळीत तारीख, ‘टी’च्या ओळीत रक्कम, ‘पी’च्या ओळीत देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाव, ‘एम’च्या ओळीत शेरा आणि ‘एल’च्या ओळीत वर्गवारी असते, नोंद संपली की एका ओळीत फक्त काकपदासारखी टोपी (^) येते. इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली तारखेची: ५/३ म्हणजे पाच मार्च की तीन मे, हे फाइल सांगत नाही. शिवाय २००० नंतरचे साल क्विकन हा हिशेबाचा प्रोग्रॅम तिरप्या रेघेऐवजी वरच्या स्वल्पविरामाने लिहितो आणि ते अनेक प्रोग्रॅमना उमगत नाही. दुसरी अडचण आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेल्या पैशांची. अशा नोंदीत समोरच्या खात्याचे नाव चौकटी कंसात येते, आणि दोन्ही खाती इंपोर्ट केली की तीच रक्कम दोनदा धरली जाण्याची शक्यता असते. आधी बारा तारखेनंतरचा एखादा व्यवहार निवडून तो नेमका कुठे पडतो ते पाहावे. तेरा ते एकतीस हे आकडे महिन्याच्या जागी बसूच शकत नाहीत, त्यामुळे घोळ लगेच उघडा पडतो.

सोळाबिट
क्विकनच्या फार जुन्या फाइली आजच्या आवृत्तीत थेट उघडत नाहीत. आधी २००४ ची, मग २०१३ ची अशा मधल्या आवृत्त्यांमधून त्या पायरीपायरीने वर चढवाव्या लागतात. त्याहून जुना, विंडोज ३.१ च्या काळातला प्रोग्रॅम असेल तर तो ६४ बिटांच्या विंडोजवर सुरूच होत नाही, कारण १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय तिच्यात नाही. त्यासाठी आभासी संगणक, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा संगणक, उभारून त्यात ३२ बिटांची जुनी विंडोज बसवावी लागते. मी जुना लॅपटॉपच इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे. त्याचा घड्याळाचा सेल संपला आहे, त्यामुळे दर वेळी तारीख मागे जाते आणि आगामी बिलांच्या आठवणी मुकाट गप्प बसतात. महिनाअखेरीला हे सुखाचे वाटते.

फोडणी_नंतर
हा लॅपटॉप मलाही हवा आहे.

मोकळेदार
मनीऐवजी मी ग्नूकॅश हा हिशेबाचा फुकट प्रोग्रॅम वापरते, तरीही लिहिते. त्याच्या फोल्डरमध्ये मूळ फाइलीशेजारी तारीख-वेळेची लांबलचक नावे असलेल्या बॅकअप आणि लॉग फाइलींची रांग लागते आणि नवखा माणूस त्यातलीच एखादी उचलतो. नावात तारीख नसलेली फाइल हीच मूळ असते. नेहमीच्या पद्धतीने जतन केलेली ही फाइल म्हणजे जीझिप या पद्धतीने दाबून लहान केलेला, एक्सएमएल खुणांचा साधा मजकूर असतो, म्हणजे उद्या प्रोग्रॅम नसला तरी ती उलगडून वाचता येईल. मनीच्या फाइलीबाबत ही मुभा नाही. मात्र जतन केलेले अहवाल फाइलीत नसून वापरकर्त्याच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये असतात, ते वेगळे उचलावे लागतात.

जुनीवही
सर्वांचे आभार. सनसेट आवृत्ती नव्या संगणकावर बसली, फाइल उघडली आणि शेरे जिथल्या तिथे आहेत. पुढची सोय म्हणून सगळे क्यूआयएफमध्येही काढून ग्नूकॅशमध्ये टाकून पाहिले. बाकी सर्व जुळले, पण एका बचत खात्याची शिल्लक सुरुवातीच्या काही वर्षांत कमी दिसते आणि पुढे आपोआप बरोबर होते. याचा उलगडा कोणी करू शकेल का?

खतावणी
मनीमधून क्यूआयएफ एका वेळी एकाच खात्याचे निघते. बाबांनी मध्ये बंद केलेले एखादे खाते नेहमीच्या यादीत दिसत नसेल आणि ते काढायचे राहून गेले असेल. खात्यांच्या यादीत बंद खाती दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि त्या वर्षांत या खात्याशी पैशांची ये-जा असलेले खाते शोधा. एखादी मुदत ठेव असावी, असा माझा अंदाज आहे.

जुनीवही
मुदत ठेवच निघाली. आता तिचे वेगळे क्यूआयएफ काढते आणि वळवलेली रक्कम दोनदा धरली जात नाही ना, ते पाहून इथे कळवते.